तांबटाचा कान, बोरघाटातला सुरुंग आणि कर्जत लोकल : आवाजाने कान कसे झिजतात, याचा तीनशे वर्षांचा इतिहास

१/
कर्जत-खालापूरच्या रानात उन्हाळ्याच्या दुपारी एक आवाज थांबत नाही : टुक, टुक, टुक. हिरव्या अंगाचा, कपाळावर लाल ठिपका असलेला हा पक्षी म्हणजे तांबट. तांब्याच्या भांड्यावर पडणाऱ्या हातोडीच्या ठोक्यांसारखी त्याची साद, म्हणून हे नाव. पक्षी आणि कारागीर यांचे नाव एक, आवाजही जवळपास एक. पण दोघांच्या कानांचे भवितव्य मात्र वेगळे. ते का, हे समजण्यासाठी व्हेनिसपासून खोपोलीपर्यंत आणि बोरघाटातल्या सुरुंगापासून कानातल्या इअरफोनपर्यंतचा इतिहास पाहावा लागतो. 🧵

२/
आवाजाने माणूस बहिरा होतो, ही गोष्ट वैद्यकाला पहिल्यांदा नीट सांगितली ती तांबटांनीच. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी निरनिराळ्या धंद्यांतील माणसांना होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. तो १७०० साली प्रसिद्ध झाला. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी व्हेनिसच्या तांबटांचे वर्णन केले. शहराच्या एकाच भागात एकवटलेले हे कारागीर दिवसभर तांबे ठोकत. त्या ठोक्यांनी आधी त्यांचे कान दुखावत आणि वय वाढता वाढता ते बहिरे होत.

३/
हे चित्र महाराष्ट्राला परके नाही. बोरघाट चढून पुण्यात गेले, की कसबा पेठेत तांबट आळी लागते. तिथेही पिढ्यान्‌पिढ्या हंडे, बंब, परात, घागर यांवर मठारकाम चालत आले. अशा आळीत नवखा माणूस पाच मिनिटांत कानांवर हात ठेवतो. कारागीर मात्र शांतपणे ठोकत राहतो. लोक म्हणतात, ‘त्याला सवय झाली आहे.’ या एका वाक्याने अनेक पिढ्यांची फसगत केली आहे. कान आवाजाला सरावत नाही. ज्याला सवय म्हणतात, ती पुष्कळदा श्रवणहानीची सुरुवात असते.

४/
आता घाटाच्या पायथ्याशी येऊ. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि १८५६ मध्ये ती कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचली. पुढे सह्याद्रीची भिंत होती. १८५८ मध्ये वरच्या बाजूने खंडाळा-पुणे मार्गही सुरू झाला. मधला घाट मात्र रेल्वेविना. प्रवासी खोपोलीस उतरत, घाटरस्त्याने वर जात आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. ही फट सांधण्याचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले होते आणि ते सात वर्षे चालले.

५/
काम अवाढव्य होते. सुमारे २५ किलोमीटरच्या टप्प्यात १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, कित्येक पूल. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. पहिले कंत्राटदार विल्यम फेव्हियल यांनी १८५९ मधील मजुरांच्या उठावानंतर काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत रोगाला बळी पडले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी व्यवस्थापक नेमून कंत्राट पूर्ण केले. १८६१ मध्ये घाटात ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला.

६/
हे सगळे बोगदे काळ्या बारुदीने फोडलेले आहेत. डायनामाइटचे पेटंट आल्फ्रेड नोबेल यांना १८६७ मध्ये मिळाले, म्हणजे घाट पूर्ण झाल्यावर. मजूर पहारीने आणि घणाने बेसॉल्टमध्ये भोक पाडत, त्यात दारू ठासत, वात लावत आणि आडोशाला पळत. उघड्यावरचा सुरुंग वेगळा आणि बोगद्यातला वेगळा. दगडी भिंतींमध्ये कोंडलेला आवाज पुन्हा पुन्हा आपटतो. स्फोटाचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे गेला, तर एका क्षणात पडदा फाटू शकतो आणि आतल्या पेशी कायमच्या निकामी होऊ शकतात.

७/
पटकी, ज्वर आणि दरडी यांनी या कामावर हजारो बळी घेतले. अशा ठिकाणी बहिरेपणाची मोजदाद कोण करणार? तेव्हा श्रवण मोजण्याचे विद्युत्‌यंत्र नव्हते आणि ‘डेसिबल’ हे एककही नव्हते. ते १९२० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रूढ झाले. मेलेला माणूस दिसतो, मोडलेला पाय दिसतो, पण गेलेले ऐकू येणे दिसत नाही. श्रवणहानी इतिहासात इतकी उशिरा अवतरते, त्याचे हे मुख्य कारण आहे.

८/
रेल्वेने दुसरा आवाज आणला तो बॉयलरचा. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर लोखंडी पत्रे रिव्हेटांनी जोडून बनवीत. एक कामगार बाहेरून घण मारी आणि दुसरा आत बसून रिव्हेट धरी. आत बसलेल्याच्या दृष्टीने तो बॉयलर म्हणजे आतून वाजणारी घंटाच. कर्जतहून घाट चढताना गाडीला जादा इंजिने जोडावी लागत. अशा इंजिनांचे बॉयलर बांधणारे आणि दुरुस्त करणारे कामगार जगभर एकाच व्याधीचे धनी होते. इंग्रजीत या बहिरेपणाला ‘बॉयलरवाल्याचा कान’ अशा अर्थाचे नावच पडले.

९/
१८८६ मध्ये ग्लासगोचे कर्णवैद्य टॉमस बार यांनी या कामगारांची रीतसर पाहणी केली. साधन साधे होते : खिशातले घड्याळ. त्याची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, हे त्यांनी मोजले. शंभर बॉयलर-कामगारांची तुलना ओतकाम करणारे कामगार आणि टपालवाले यांच्याशी केली. शंभर बॉयलर-कामगारांत एकाचेही श्रवण निर्दोष निघाले नाही आणि सुमारे तीन चतुर्थांश लोकांना सभेतले भाषण ऐकणे अवघड जात होते. रामाझिनींनी जे डोळ्यांनी पाहिले होते, ते बार यांनी आकड्यांत मांडले.

१०/
मग कानात नेमके बिघडते काय? आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नलिका असते. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात द्रव असतो आणि सुमारे १५ हजार केशपेशी, म्हणजे टोकाला केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असलेल्या पेशी. आवाजाने द्रवात लाट उठते, तंतू वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. ही लाट कशी सरकते, हे उलगडल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाऱ्याने भाताचे रोप वाकते आणि सावरते. वादळ वारंवार आले, तर ते आडवे होते. केशपेशींचे तसेच आहे.

११/
नलिकेच्या सुरुवातीच्या भागात उंच पट्टीचे आवाज टिपले जातात आणि झीजही तिथेच आधी होते. १८९० मध्ये योहान हाबरमान यांनी गोंगाटात आयुष्य घालवलेल्या एका कामगाराचा कान मृत्यूनंतर तपासून हेच दाखवले. म्हणून आवाजाने येणारे बहिरेपण ‘ऐकूच येत नाही’ असे सुरू होत नाही. आधी रातकिड्यांची किरकिर विरळ होते. मग स, श, फ, थ ही अक्षरे धूसर होतात. ‘सात’ म्हटले की ‘हात’ ऐकू येते. माणूस म्हणतो, ‘ऐकू येते, पण कळत नाही, हल्ली लोक स्पष्ट बोलतच नाहीत.’ तांबट पक्ष्याची खालच्या पट्टीतली टुकटुक मात्र ऐकू येत राहते आणि सारे ठीक असल्याचा भास टिकून राहतो.

१२/
खालापूर तालुक्याने विसाव्या शतकात आणखी एक आवाज निर्माण केला, तोही दूरच्या शहरात. जमशेदजी टाटांचे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर साकार झाले : लोणावळ्याच्या तलावांचे पाणी ५०० मीटरहून अधिक खाली खोपोलीला आणून १९१५ मध्ये वीज तयार होऊ लागली. ती मुंबईच्या कापड गिरण्यांना गेली. मागाच्या खात्यातला खडखडाट असा, की शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नसे. इंग्लंडात लँकशरच्या विणकरांनी तर ओठांच्या हालचालींवर चालणारी स्वतंत्र बोलीच घडवली होती. मुंबईच्या गिरण्यांत राबणारी कितीतरी माणसे कोकणची होती. घाटातले पाणी आणि कोकणातली माणसे अशी एकाच खडखडाटात जाऊन मिळाली.

१३/
या तारांचे महत्त्व स्वातंत्र्यसैनिकांनीही ओळखले होते. १९४२ च्या आंदोलनात माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने या डोंगरपट्ट्यातून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, ते शहरातील उद्योग थांबावेत म्हणून. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. मुंबईच्या यंत्रांचा आवाज किती अंशी या तालुक्यांवर अवलंबून होता, हे त्या घटनेतून कळते.

१४/
इथपर्यंतच्या इतिहासात एक समान धागा आहे. आवाज बाहेरून येत होता आणि पोटासाठी सहन करावा लागत होता. कायद्याने उशिरा का होईना, दखल घेतली. कारखाने अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत गोंगाटाने येणारा श्रवणदोष हा अधिसूचित व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. आज खोपोली परिसरातील कारखान्यात कामगाराच्या कानाला संरक्षण देणे ही मालकाची जबाबदारी ठरते. तोच कामगार पाळी संपवून लोकलमध्ये बसतो आणि कानात इअरफोन घालतो, तेव्हा मात्र कोणताही निरीक्षक येत नाही.

१५/
हेडफोनचा जन्म मोठा आवाज ऐकण्यासाठी झाला नव्हता, तो क्षीण आवाज पकडण्यासाठी झाला. १८९१ मध्ये फ्रेंच अभियंता एर्नेस्त मर्काद्ये यांनी कानात बसणाऱ्या हलक्या श्रवणयंत्राचे पेटंट घेतले, उपयोग दूरध्वनीसाठी. १९१० मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात नॅथानिएल बाल्डविन यांनी आपल्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन नौदलाने बिनतारी संदेशांसाठी घेतले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा साध्या क्रिस्टल रेडिओवर हेडफोन लावूनच ऐकावे लागे. तो आवाज इतका मंद असे, की कानाला त्यापासून धोका नव्हता.

१६/
चित्र पालटले ते १९७९ मध्ये. १ जुलै रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीस आला. पहिल्या नमुन्यात दोन हेडफोनसाठी जागा होती आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत मंद होई आणि सोबत्याचे बोलणे ऐकू येई. माणूस आवाजात एकटा पडेल, ही शंका खुद्द निर्मात्यांना होती. पुढे ते बटण गेले. २००१ मध्ये आयपॉड आला आणि शेकडो गाणी खिशात मावू लागली; २०१६ नंतर भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि गाणे संपण्याचे कारणच उरले नाही. कॅसेटची बाजू संपली की कानाला विश्रांती मिळे. आता ती मिळत नाही.

१७/
कानाची झीज दोन गोष्टींवर ठरते : आवाज किती मोठा आणि किती वेळ. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याची मर्यादा ८० डेसिबलला ४० तास अशी आहे. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास, ९२ ला अडीच तास आणि ९५ ला सव्वा तास. लहान मुलांसाठी ही मर्यादा आणखी कडक आहे : ७५ डेसिबलला ४० तास.

१८/
हे गणित कर्जत लोकलला लावून पाहावे. कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे १०० किलोमीटर, वेळ साधारण दोन तास. जाऊन-येऊन चार, पाच दिवसांचे वीस तास. म्हणजे वाटभर ८३ डेसिबलवर गाणी ऐकली, तर आठवड्याचा सगळा कोटा प्रवासातच संपतो. ९२ वर ऐकली, तर तो सोमवारी संध्याकाळी परतताना घाटकोपरच्या आसपास संपतो. ९५ वर ऐकली, तर सोमवारी सकाळी ठाण्याच्या आसपासच. उरलेला आठवडा कान उधारीवर चालतो. खोपोलीच्या प्रवाशाचा हिशेब याहून लांब.

१९/
९२ डेसिबल कोण लावील, असे वाटणे साहजिक आहे. उत्तर डब्यात मिळते. उघडे दरवाजे, रुळांचा खडखडाट, पंखे, भोंगा, गर्दी. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावे लागत असेल, तर भोवतालचा गोंगाट ८५ डेसिबलच्या घरात आहे, असा साधा ठोकताळा आहे. गाणे ऐकू यायचे, तर ते त्या गोंगाटाच्या वर न्यावे लागते. घरी मोबाइलचा आवाज निम्म्यावर पुरतो. नेरळ सुटेपर्यंत बोट तो नकळत पुढे सरकवते. धोका एकट्या इअरफोनचा नाही, एकट्या लोकलचाही नाही. दोन्ही एकत्र येण्याचा आहे. १८६३ मध्ये घाटात पोहोचलेला आवाज आणि १९७९ मध्ये खिशात आलेला आवाज एकाच कानात भेटतात.

२०/
यावरचा एक उपायही प्रवासातच सुचला. १९७८ मध्ये झुरिकहून निघालेल्या विमानात अमर बोस यांना इंजिनाच्या घरघरीत संगीत ऐकू येईना. वडिलांकडून बंगाली असलेल्या या अमेरिकी प्राध्यापकाने तिथेच गोंगाट रद्द करणाऱ्या हेडफोनची गणिते मांडली. १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचे संच बाजारात आले. बाहेरच्या आवाजाची उलट लहर निर्माण करून तो पुसायचा, हे त्यामागचे तत्त्व. असे हेडफोन किंवा कानात घट्ट बसणारे इअरबड असले, की आवाज वाढवावा लागत नाही. पण तेच घालून रूळ ओलांडणे किंवा रस्त्यावर चालणे जिवावर बेतते. गाडीचा भोंगाही त्यात पुसला जातो.

२१/
आवाजाखेरीज आणखी एक गोष्ट या भागाला विशेष लागू पडते. पावसाळ्यात कर्जत-खालापूरची हवा महिनोन्‌महिने दमट असते. अशा हवेत तासन्‌तास कान बंद राहिला, की आत घाम आणि ओल साठते. खाज, दुखणे, बुरशी यांना वाव मिळतो. इअरबड मळ आत ढकलतो आणि दडा बसतो. म्हणून इअरफोन कोरड्या कापडाने पुसावेत, दुसऱ्याचे वापरू नयेत, ओल्या कानात घालू नयेत आणि काडी किंवा पिन कानात घालण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे.

२२/
खुणा ओळखणे अवघड नाही. गाडीतून उतरल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे किंवा गुणगुणल्यासारखे वाटणे, म्हणजे कर्णनाद; आवाज कापसातून आल्यासारखा वाटणे; टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटणे; गर्दीत शब्द निसटणे. सुरुवातीला रात्रभरात कान सावरतो आणि ‘बरे झाले’ असे वाटते, पण प्रत्येक वेळी सावरतोच असे नाही. कोणत्याही दिवशी एका कानाने अचानक ऐकू येणे कमी झाले, तर थांबू नये. तातडीने कान-नाक-घसातज्ज्ञ गाठावा. उपाय साधे आहेत : आवाज ६० टक्क्यांच्या खाली, तासाला थोडा विराम, मोबाइलमधील आवाजमर्यादा चालू, इअरफोन कानात घालून झोपणे बंद.

२३/
विश्रांतीचे ठिकाण याच तालुक्यात आहे. नेरळहून १९०७ मध्ये छोटी रेल्वे जिथे चढली, त्या माथेरानात आजही खासगी मोटारींना बंदी आहे. तिथे पायांखालची लाल माती आणि झाडांतला वारा ऐकू येतो. कानाला औषध लागत नाही, शांत वेळ लागतो. रोज थोडा मिळाला, तरी उपयोग होतो.

२४/
आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. १९८८ मध्ये शास्त्रज्ञांना आढळले, की मोठ्या आवाजाने कोंबडीच्या आणि लावा पक्ष्याच्या केशपेशी नष्ट झाल्या, तरी त्या पुन्हा उगवतात. पक्ष्यांच्या कानाला ही देणगी आहे. माणसाला नाही, जन्मतः मिळालेल्या १५ हजार पेशींवरच त्याला आयुष्य काढायचे असते. तांबट पक्षी नष्ट झालेल्या पेशी पुन्हा घडवू शकतो. तांबट आळीतला कारागीर, घाटातला मजूर, बॉयलरमधला कामगार यांपैकी कोणालाच ते शक्य नव्हते. त्या सगळ्यांना आवाज कमी करण्याची मुभाही नव्हती. कर्जत लोकलमध्ये बसलेल्या मुलामुलींना ती आहे आणि ते बटण त्यांच्याच हातात आहे.

(समाप्त)